डबा रिकामा पाठवू नगं

कोल्हापूर, ११ नोव्हेंबर, सोमवार

सोमलिंगा,

वर नमस्कार बिमस्कार काय लिहिला न्हाय. थोरली मी हाय, नमस्कार तू करायचा. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर लागत नसलं तर शांभवीकडनं वाचून घे. बायको तेवढ्या तरी कामाला येऊ दे.

फोन केलता, तू कापलास. परत केला, परत कापलास. म्हणून डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी घातलीया. झाकण उघडल्याबिगर जेवण न्हाय, आणि जेवल्याबिगर डॉक्टर तुला टेबलावर घेणार न्हाय. आता कसा वाचत न्हाईस तेच बघते.

काल तुझी बायको खानावळीत आलती. मागच्या दारानं आली, तोंडावर पदर घेऊन, दारूच्या दुकानात आल्यासारखी. बसली आणि रडाय लागली. तुझ्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ हाय, जयसिंगपूरचं दुकान कुलूप लावून तुम्ही दोघं राजारामपुरीत खोली घेऊन राहिलाईसा, हे सगळं मला तवा कळलं. सख्ख्या बहिणीला. ते जाऊ दे. डॉक्टरनं सगळे कागद बघितले आणि म्हणाला, आत्ता कापणार न्हाय. रक्तातलं आल्बुमिन, म्हंजे अंगातलं सत्त्व, लई खाली गेलंय आणि आतल्या सुजेचा आकडा वर गेलाय. माणूस भरून आणा, मग बघू.

आणि माणूस रिकामा झाला कशानं? तर तुझ्या मेव्हण्यानं, त्या शहाण्या महांतेशनं, मोबाईलवर पाठवलं की कॅन्सरला उपाशी मारा. दूध बंद, भात बंद, डाळ बंद. गव्हाच्या पात्यांचा रस प्यायचा आणि गाठ वाळायची वाट बघायची. वर तुझा सोमवार हायच.

अरं, गाठ तुझ्या पोटात बसलीया. ती तुझ्याआधी जेवती. धान्याचा व्यापार करतोस ना? दुकानात उंदीर झाला म्हणून सगळी पोती नदीत सोडलीस का कधी? आणि त्या महांतेशला विचार, गाठ उपाशी मरती आणि माणूस तेवढा जगतोय, हे तुला कुठल्या मास्तरनं शिकवलं.

शांभवीला पिठलं भाकरी वाढली. दोन भाकरी खाल्ल्या तिनं, मान वर न करता. तीबी तुझ्याबरोबर रस पीत हुती. तुला काय, तुला गाठ तरी हाय. तिनं काय केलंय?

डब्यात मऊ भात हाय, मुगाचं घट्ट वरण, दही, आणि खालच्या पुड्यात माडगं, हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. गूळ, सुंठ, दूध घालून. डबा घेऊन आलाय तो यल्लाप्पा. रिक्षा चालवतो, दोन्ही वेळा आमच्यात जेवतो. त्याला दाराबाहेर उभा करू नगं, त्याचे गुडघे दुखत्यात.

बसम्मा


१४ नोव्हेंबर

सोमलिंगा,

तीन दिवस डबा गेला तसा आला. झाकणाची कडी सुद्धा काढली न्हाईस. चिठ्ठी शांभवीनं चोरून काढून वाचली असं यल्लाप्पा म्हणतोय. म्हंजे शिव्या तुला आणि वाचल्या तिनं. बरं झालं, थोड्या तिच्या बी हुत्या.

मी स्वतः हॉस्पिटलात जाऊन आले. तिथं जेवण सांगणारी एक बाई हाय, मनाली नावाची. बारीक हाय, पण बोलायला खणखणीत. मला म्हणाली, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

म्हटलं, "वैरी."

ती हसली न्हाय. कागद काढला आणि समोरच्या खुर्चीवर बस म्हणाली. मला ती बाई आवडली.

तिनं सांगितलं ते लिहिते, कारण तू तिच्यासमोर नुसती मान हलवतोस म्हणं. आल्बुमिन काळीज न्हाय, यकृत करतंय. पोटात चांगलं पडलं तर त्याला करायला माल मिळतोय. ते कमी असलं की गाठ कापून आतड्याची दोन टोकं शिवली तरी शिवण धरत न्हाय, आत गळती, पू हुतो, जखम वाळत न्हाय. पुढची कॅन्सरची इंजेक्शनं बी अंगाला सोसत न्हाईत. मी विचारलं, "आकडा खाली म्हंजे माझा भाऊ मरणार का?" ती म्हणाली, "आकडा मरण सांगत नाही, मावशी. कुणाला जास्त जपायचं ते सांगतो. ज्यांचा आकडा खाली आणि सूज वर, त्यांचं पुढं अवघड जातं, एवढं आम्ही बघितलंय. म्हणून आधी हात लावतोय."

आणि मला पण फटकारलं. गाठीनं वाट अरुंद झालीया, तर भाकरी नगं, पालेभाजी नगं, कोंडा नगं. सगळं मऊ आणि गाळलेलं. म्हणाली, "अंडं चालतं का?"

म्हटलं, "त्याच्या घरात न्हाय. माझ्या दुकानात चालतंय."

मग म्हणाली असू दे, डाळीचं नुसतं पाणी नगं, डाळच, दही, पनीर, आणि पातळात दुधाची पावडर कालवा. थोडं थोडं, दिवसातनं सहा वेळा.

सहा वेळा! मी तुझ्यासाठी दिवसातनं सहा वेळा गॅस पेटवायचा, आणि तू कडी काढायला सुद्धा हात लावणार न्हाईस. बसव जयंतीला टेबलावर उभा राहून सगळी माणसं एक म्हणून भाषण ठोकतोस. माझ्याबरोबर खानावळीत राबणारी अंजना, जी आपल्या जातीची न्हाय, ती भाकरी थापताना दिसली तवा मात्र माझ्या खानावळीच्या उंबऱ्यातनंच मागं फिरलास. पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. तवापासनं आपण बोललो न्हाय. बोलू बी नगं. तोंड जेवायला वापर.

उद्या डबा बंद आला तर मी येते. यल्लाप्पा गरीब माणूस हाय. मी न्हाय.

बसम्मा


२० नोव्हेंबर

सोमलिंगा,

माडगं संपवलंस म्हणं. वरण निम्मं. भात तसाच, तो शांभवीनं संपवला. तरी बरं. रस पिणं सोडलंस का महांतेशच्या भीतीनं अजून नाक दाबून पितोस?

यल्लाप्पानं तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालास, "पावणं, अक्काला सांगा, माडगं अव्वाच्या हातचं वाटलं." एवढ्या वर्षांनी तोंड उघडलंस आणि त्यात बी चवीचंच. सख्खी आई, अव्वा गेली तवा तू दुकानाची सुट्टी एकच दिवस घेतलीस, पण माडग्याची चव ध्यानात ठेवलीस.

कुणी केलं, कसं केलं, हे विचारायचं काम न्हाय. जीभ माणसाला खायला दिलीया.

आणि एक सांगून ठेवते. डबा घासून, पुसून, लख्ख करून पाठवलास, पण रिकामा. शेजारच्या घरचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं अव्वानं बघितलंय का? घरात काय नसलं तर चिमूटभर साखर घालायची, आणि साखर नसली तर तुळशीचं पान. शांभवीला माहिती नसंल, तुला माहिती हाय. मला तुझी साखर नगं, पण रीत मोडल्याचं बघवत न्हाय.

उद्यापासनं माडगं दोन वेळा येईल. हुलग्याचं पीठ दोनदा चाळून, आलं जास्त. पनीर बी चुरून घातलंय, कळणार न्हाय.

बसम्मा


२८ नोव्हेंबर

सोमलिंगा,

आज मी गप्प बसणार हाय असं तुला वाटलं असंल. आकडा आला म्हणून.

एवढा डबा, एवढी डाळ, एवढं दूध आणि आल्बुमिन आधीपेक्षा बी खाली! सुजेचा आकडा तर भलताच. शांभवी फोनवर म्हणाली, "अक्का, खाऊन पण उपयोग झाला न्हाय. महांतेश दादा म्हणत्यात, बघा मी सांगत हुतो." मी फोन ठेवला आणि तडक डॉक्टरच्या खोलीत घुसले. बाहेरची नर्स आडवी आली, तिला म्हटलं, "बाजूला हो, माझं पातेलं गॅसवर हाय."

डॉक्टरला म्हटलं, "तुमचं मशिन खोटं हाय."

तो म्हातारा हाय, शांत. म्हणाला, "मावशी, तुमचं जेवण खोटं नाही आणि मशिन पण नाही. घरात आग लागलेली असताना तुम्ही धान्य भरताय. आग ते खातीय."

मग दाखवलं मला. गाठीच्या शेजारी पू साठलाय. बारीक ताप येतोय, तू सांगितला न्हाईस. अंगात असली सूज असली की यकृत आल्बुमिन करायचं सोडून दुसरीच कामं करत बसतंय. नुसतं जेवून तवा आकडा चढत न्हाय. आणि नुसती औषधं देऊन बी चढत न्हाय. आधी पू काढायचा, सुजेचा आकडा उतरला की मग जेवण अंगी लागंल. त्याला म्हटलं, "हे आधी का सांगितलं न्हाय?" तो म्हणाला, "तुमच्या भावानं ताप लपवला."

झालं. ताप आला म्हणलं तर ऑपरेशन पुढं जाईल म्हणून तू लपवलास. शाळेत पाय मोडला तवा बी असाच लपवलातास, पाऊल काळंनिळं होस्तवर. तुझं धाडस असलंच. खरं बोलायची वेळ आली की तुझ्या अंगात काय बळ येत न्हाय.

आणि मी बी म्हटलं हुतं की जेवणानंच सगळं हुतंय. म्हटलं तर म्हटलं. डॉक्टरच्या तोंडावर चूक कबूल करून आले. तुला सांगते म्हणून खूश होऊ नगं.

डबा थांबणार न्हाय. आग विझंल तवा कोठीत काय तरी असाय पायजे.

बसम्मा


३ डिसेंबर

सोमलिंगा,

डबा बंद आला. वर निरोप, "अक्का, अंड्याचं काय घातलंय का खरं सांग. आणि डबा कोण भरतंय ते बी सांग."

महांतेश रविवारी माझ्या खानावळीच्या दारातनं डोकावून गेला, हे मला माहिती हाय. आत आला न्हाय. मांजर सुद्धा वास आला तर आत येतंय. त्यानं अंजनाला तुझा डबा भरताना बघितलं आणि तुझ्या कानात ओतलं.

तर ऐक. एकदाच लिहिते.

अंड्याचं न्हाय. तुझ्या डब्यात मी अंडं घालणार असते तर तुला सांगून, तुझ्या तोंडासमोर फोडून घातलं असतं. चोरून करायची सवय माझी न्हाय, ताप चोरणाऱ्याची हाय. तुझं जेवण अव्वाच्या पातेल्यात शिजतंय. ते पातेलं मी खानावळ काढली त्या दिवसापासनं वेगळं ठेवलंय, वरच्या फळीवर. अंडं त्याला लागलेलं न्हाय. का ठेवलंय ते विचारू नगं. वेडी हाय म्हणून ठेवलंय.

आणि डबा अंजना भरते. नुसता भरत न्हाय. स्वैपाक पण तिचा हाय. पहिल्या दिवसापासनं. वरण, भात, ज्या माडग्यानं तुला अव्वा आठवली ते माडगं. सगळं तिच्या हातचं. माझा हात जड हाय, माझं माडगं खळीसारखं हुतंय, तुला माहिती हाय. अंजनानं तिच्या आईला असंच पातळ घालून शेवटपर्यंत जगवलं. आणि अव्वासारखं का लागलं म्हणशील तर अव्वानंच शिकवलंय. शेवटचे महिने अव्वा माझ्याकडं हुती, तू महिन्यातनं एकदा दारातनं फळं देऊन जायचास. मागच्या पायरीवर बसून म्हातारी अंजनाला सांगायची, "आता घाल गूळ. आता न्हाय गं, आता." मला शिकवलं न्हाय. म्हणाली, तुला दम न्हाय.

अव्वानं तिच्या हातचं खाल्लं आणि गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा बी केली. तिचं काय बाटलं न्हाय. तुझं बाटणार असलं तर तुझ्या गळ्यातलं लिंग अव्वाच्यापेक्षा मोठं असंल.

शपथ मागू नगं. शपथ घालून जेवायला घालणारी बाई मी न्हाय. खायचं तर खा.

बसम्मा


५ डिसेंबर

सोमलिंगा,

परत बंद डबा. परवा बंद, काल बंद, आज बंद. चिठ्ठी तेवढी काढून घेतलीस म्हणं.

डॉक्टरचा निरोप आलाय. नळी घालून पू काढला, ताप उतरला, सुजेचा आकडा खाली येतोय. आता जेवणाला अर्थ हाय, आणि आत्ताच तू ताट ढकललंस. पुढच्या आठवड्यात रक्त बघणार, आकडा सरकला तर कापणार, न्हाय सरकला तर गाठ आतडं बंद करील तवा घाईत कापायला लागंल, आणि ते सगळ्यात वाईट. हे तुला तिथं सांगितलंय. मी परत कशाला लिहिते, देव जाणे.

काल मी पातेलं धरलं. म्हटलं, जाऊ दे, मीच शिजवते, भाऊ जगू दे. अंजनानं माझ्या हातातलं पातेलं घेतलं.

"काय करतेस?" म्हणाली.

"मी शिजवते. तो खाईल."

"खाईल. आणि परत उद्या विचारंल, कुणी शिजवलं. उद्या तुला ताप आला तर? परवा नर्स कोण हाय ते विचारंल. रक्त चढवलं तर कुणाचं हाय ते विचारंल."

मी म्हटलं, "तुझ्या मानापायी माझा भाऊ मारतेस का?"

तवा तिनं पिठाची चाळण माझ्यासमोर धरली. म्हणाली, "बसम्मा, मी रोज सकाळी उठून त्याच्यासाठी पीठ चाळते. उपाशी मी ठेवलं न्हाय त्याला." आणि परत चाळायला बसली.

म्हणून हा डबा बी तिचाच हाय. झाकणाखाली चिठ्ठी माझी, जेवण अंजनाचं. तुझ्यापेक्षा तिच्याबद्दल वाईट वाटलं मला, हे तुला कळू दे. तू मेलास तर मी रडणार, ते वेगळं. पण लाज बी वाटंल. कॅन्सरनं गेला असं सांगायला मला तोंड राहणार न्हाय. जातीनं गेला असं सांगायला लागंल.

बसम्मा


९ डिसेंबर, सोमवार

सोमलिंगा,

डबा रिकामा आला. चारी पुडे. माडग्याचा पुडा चाटून संपवलास म्हणं.

यल्लाप्पा सांगत हुता. तू डबा समोर ओढलास. शांभवी म्हणाली, "आज सोमवार हाय, फळं आणू का?" तू म्हणालास, "नगं." मग लिंग हातात घेतलंस, पूजा केलीस, आणि चमचा न मागता पुडा तोंडाला लावलास. यल्लाप्पाला विचारलंस, "ती बाई मीठ बोटानं घालती का चमच्यानं?" तो म्हणाला, "बोटानं." तू म्हणालास, "अव्वा बी."

महांतेश तिथंच खुर्चीवर हुता म्हणं. त्याला तू म्हणालास, "तू जा आता, माझ्या जेवणाची वेळ हाय." हे ऐकून मी यल्लाप्पाला जास्तीची पोळी वाढली. तुला न्हाय, त्याला.

अंजनाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि डाळ भिजत घातली. तिच्याकडनं लई अपेक्षा ठेवू नगं.

रिकामा डबा परत आला, धुतलेला. आत काय बी न्हाय. तुला कळत न्हाय म्हणणार न्हाय मी. कळतंय तुला.

बसम्मा


१६ डिसेंबर

सोमलिंगा,

आकडा सरकला. लई न्हाय, पण वर. सूज लई खाली. मनालीनं मला बोलावून कागद दाखवला, मी बोट ठेवून वाचला. म्हणाली, "मावशी, आता वैरी म्हणू का अजून?" म्हटलं, "म्हणा, म्हणा. वैरीच."

उद्या तुला आत घेणार. आज डबा न्हाय, यल्लाप्पाबरोबर नुसती चिठ्ठी, पोट रिकामं ठेवायचंय. एवढे दिवस खाऊन खाऊन मोठ्या कष्टानं भरलं आणि आता रिकामं. तुझ्या नशिबातच उपास हाय.

बाहेर मी बसणार न्हाय. मला असल्या जागी बसवत न्हाय. शांभवीजवळ अंजना बसणार हाय. तिला खुर्ची दे म्हणून शांभवीला सांग. भिऊ नगं.

बसम्मा


२७ डिसेंबर

सोमलिंगा,

शिवण धरली. डॉक्टर म्हणाला, गळती न्हाय, पू न्हाय. गाठ तपासायला पाठवलीया, पुढं इंजेक्शनं हाईत, ते सगळं हायच, सुटलास असं कुणी म्हणत न्हाय. पण अवघड घाट चढून वर आलास. चौथ्या दिवशीच शांभवीनं आनंदानं फोन केला, "अक्का, ह्यांना वारा सरला!" जयसिंगपूरचा एवढा मोठा व्यापारी, पादला म्हणून बायकोनं सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. तुझ्या आयुष्यात तुझ्यामुळं एवढा आनंद कुणाला झाल्याचं मला आठवत न्हाय.

अंजना ऑपरेशनच्या दाराबाहेर बसलती तवा शांभवीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं म्हणं. ती सांगत न्हाय, यल्लाप्पा सांगतोय.

आणि काल डबा आला. वजन लागलं म्हणून उघडला. वरच्या पुड्यात गुळाचे दोन खडे, कागदात गुंडाळलेले. चिठ्ठी न्हाय. दोन कुणाचे, तू सांगितलं न्हाईस, पण मोजता मला येतंय.

माझा मी खाल्ला. गूळ बरा हाय, फार पिवळा न्हाय. व्यापाऱ्यानं एकदा तरी चांगला माल पाठवला.

अंजनानं तिचा खडा मिठाच्या डब्याशेजारी फळीवर ठेवला. म्हटलं, "खा की गं, मुंग्या लागतील."

म्हणाली, "लागू देत. उंबऱ्यातनं परत गेला तवा पायानं गेलता. आता पायानं येऊन हातात देऊ दे."

तिचा खडा, तिचा हक्क.

तर आता ऐक. उद्यापासनं डबा बंद. तुला घरी सोडणार हाईत, डॉक्टर म्हणाला रोज चालवा. तुझ्या खोलीपासनं माझी खानावळ चालण्याइतकीच हाय, यल्लाप्पाची रिक्षा लागणार न्हाय. दुपारच्या गर्दीत ये, चोरून येऊ नगं, मागच्या दारानं येऊ नगं. महांतेशला बरोबर आणलंस तर त्याला बी वाढू, त्याचं बी आल्बुमिन कुठं बरं असंल असं वाटत न्हाय.

पंगत एकच हाय. शेजारी कोण बसंल ते मी सांगू शकत न्हाय, जो आधी येईल तो. पाणी अंजना देणार. वाढणार अंजना. तांब्या माझ्या हातात असणार न्हाय या वेळेला.

न आलास तर तुझं ताट यल्लाप्पा जेवंल. इंजेक्शनाला अंगात बळ लागतंय आणि ते माझ्याकडं हाय, हे तुला माहिती हाय. पण तुझ्या दारात आणून देणार न्हाय. आणून दिलं ते आजपर्यंत.

माडगं शिजायला ठेवलंय. गूळ फळीवर हाय. मुंग्या लागायच्या आत ये.

तुझी अक्का
बसम्मा